मामाच्या शेतात मीठ

पाण्यानं ऊस आणला, उसानं घरावर स्लॅब आणला. मग त्याच पाण्यानं तीन एकर काळी जमीन पांढरी केली. कृष्णाकाठच्या एका शेताची ही हकिगत, आणि मातीच्या दुखण्यावर औषध शोधण्याआधी काय बघायला हवं याचीही.

दुरून बघितलं तर कुणीतरी शेतात चुना पसरून ठेवलाय असं वाटावं. जवळ गेलं की पायाखाली पापुद्रा कुरकुर मोडतो. मामानं वाकून तो नखानं खरवडला आणि चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवला.

"चाखून बघ."

मी जिभेला लावलं. खारट, आणि मागून कडसर.

"ह्यात तुझ्या आजीनं शाळू काढलाय, आन् मी ऊस. आता लव्हाळा बी धड येत न्हाई बघ."

ही गोष्ट २०२२ च्या फेब्रुवारीतली. मिरज तालुक्यातलं कृष्णाकाठचं हे गाव माझं आजोळ. आम्ही राहायचो बडोद्याला, पण मे महिना ठरलेला इथला. लहानपणी याच तुकड्यात आम्ही भावंडं लपाछपी खेळायचो आणि मोठ्यांच्या शिव्या खायचो, कारण उसात शिरलेलं पोर सापडणं मुश्कील. घरात या तुकड्याला 'सोन्याचा तुकडा' म्हणत. पाच एकरांतले ओढ्याकडचे तीन एकर, सगळ्यांत सखल, सगळ्यांत काळे. जमीन बिघडली ती नेमकी हीच. वरचे दोन एकर अजून शाबूत आहेत.

मामेभाऊ पुण्यात नोकरीला. त्याचं म्हणणं सरळ होतं, विकून टाका. पण घेणार कोण? सातबाऱ्यावर 'बागायत' लिहिलेलं असलं तरी बघायला आलेला माणूस चप्पल काढायच्या आधीच परत फिरतो. शेवटी एका वीटभट्टीवाल्याला बोलावलं, निदान वरची माती तरी जाईल म्हणून. त्यानं मूठभर माती हातात घेतली आणि टाकून दिली. या मातीच्या विटेला लोणा फुटेल म्हणाला. मामी सांगते, त्या रात्री मामा जेवला नाही. जमीन पिकत नाही हे त्यानं पचवलं होतं, पण भट्टीलाही ती नको हे नाही.

माझ्या आईनं आपला हिस्सा हक्कसोडपत्रावर सही करून कधीच भावाला दिलेला. तरी मामानं तिला फोन केला आणि विचारलं, कर्ज काढून जमीन दुरुस्त करू की सोडून देऊ? आईनं मला पाठवलं. पेपरात लिहितेस ना, जरा चौकशी कर. तुमच्यापैकी अनेकांची गावाकडं अशी जमीन असेल, इंदूर-दिल्लीला बसून फोनवरच तिची खबर घेत असाल. म्हणून त्या चौकशीत कळलेलं सविस्तर सांगते.

पाणी म्हंजी पैका

गावात सगळे दोष देतात २०१९ च्या महापुराला. पूर मोठा होता हे खरं, शेतांत कितीतरी दिवस पाणी होतं. पण मामीला विचारलं तर ती सांगते की पुराच्या बरीच वर्षं आधी त्या तुकड्यातला हरभरा गेला होता. उगवून पिवळा पडायचा. मग उसाच्या सरीत मधेमधे टक्कल पडायला लागलं. हरभऱ्यासारखी कडधान्यं खारेपणाला सर्वांत आधी मान टाकतात. ऊस थोडा दम धरतो. म्हणजे जमिनीनं इशारा दिला होता, तो आधी मामीला समजला. ती बोललीही होती. असो.

कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या काठांवर सहकारी उपसा योजना झाल्या आणि ज्या रानात पावसावर शाळू व्हायचा तिथं बारमाही ऊस उभा राहिला. आडसाली ऊस शेतात सोळा-अठरा महिने असतो, म्हणजे जमिनीला श्वास घ्यायला उसंत नाही. मामाच्या योजनेत पाणीपट्टी एकरावर, मापावर नाही. त्यात वीज रात्रीची. मोटार चालू करून माणूस घरी येऊन झोपायचा, पाणी पहाटेपर्यंत सरीतून धो धो वाहायचं. "पाणी म्हंजी पैका वाटायचा बघ पोरी. जितकं जास्ती सोडशील तितका ऊस."

आता या पाण्याचा हिशेब करून बघू. आपण ज्याला गोड पाणी म्हणतो, खुशाल पितो, त्या पाण्याच्या एका लिटरमध्ये अर्धा ग्रॅम विरघळलेले क्षार सहज असू शकतात. हेक्टरभर शेतात वर्षात एकूण एक मीटर उंचीचं पाणी दिलं तर ते होतं एक कोटी लिटर. त्याबरोबर जमिनीत गेले पाच हजार किलो क्षार, म्हणजे पाच टन! उसाला पाटानं पाणी देणारे तर याहून जास्त पाणी देतात. पीक पाणी पितं, ऊन पाणी नेतं, क्षार मात्र बहुतेक तिथंच राहतात. खालून निचरा होत असेल तर ते धुऊन जातात. होत नसेल तर साठतात.

आणि आपली काळी जमीन निचऱ्याच्या बाबतीत फार हट्टी. बेसाल्टच्या खडकापासून झालेली ही माती चिकण. ओली झाली की फुगते, बारीक छिद्रं मिटून घेते. कोरडवाहूत हाच तिचा गुण, कारण ओल धरून ठेवते. बागायतीत तोच गुण अंगाशी येतो. वरून दिलेलं पाणी खाली मुरून साठत जातं आणि जमिनीतल्या पाण्याची पातळी वर चढते. ती पाच-सहा फुटांच्या आत आली की दिव्यातल्या वातीनं तेल ओढावं तशी माती ते पाणी वर ओढते. पाणी वाफ होऊन उडतं आणि मीठ वर बसतं. आपण तळहातावर घेऊन चाखतो ते हेच. सखल तुकडा आधी का गेला याचंही उत्तर इथंच आहे. वरच्या शेतांचं मुरलेलं पाणीही त्याच्याच पोटात येतं.

मग पीक का मरतं? लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की थोड्या वेळात पातेल्यात पाणी सुटतं. खाऱ्या मातीतल्या मुळांची तीच गत. आजूबाजूला ओल असते, पण मुळांना ती घेता येत नाही. पान वाळतं, शेतकऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं, तो आणखी पाणी सोडतो.

शंभर वर्षांपूर्वी कुणी सांगितलं होतं

हे सगळं नवं आहे असं मला वाटलं होतं. पण नाही. पुणे जिल्ह्यात नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला, कालव्याखाली ऊस आला, आणि एका पिढीच्या आत तिथल्या जमिनी खारावल्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि व्ही. ए. ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या या खाऱ्या जमिनींचा अभ्यास करून १९१० मध्ये तो प्रसिद्ध केला. जादा पाणी आणि नसलेला निचरा हेच दुखण्याचं मूळ.

त्याच्याही आधी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्यात इंजिनिअर असताना त्यांनी 'ब्लॉक पद्धत' आणली होती. कालव्याचं पाणी एकाच ठिकाणी उसावर ओतायचं नाही. ठरावीक गटांत वाटायचं, गटातल्या काही भागातच ऊस, बाकीच्यात हंगामी पिकं, आणि पुढच्या वेळी फेरपालट. गावाला पाणी पुरावं हा हेतू, आणि जमिनीलाही विश्रांती. तेव्हाही उसात पैसा दिसलेल्यांना ही शिस्त रुचली नसणार, असा माझा अंदाज.

जिप्समची पोती

मामानं काही कमी उपाय केले नव्हते. आधी युरिया वाढवला. मग दोन वर्षं तळ्यातला गाळ आणून टाकला. पहिल्या वर्षी पीक बरं आलं, तिसऱ्या वर्षी गाळही पांढरा झाला. मग कुणीतरी जिप्सम सांगितलं, त्याची पोतीच्या पोती ओतली. मग तालुक्याच्या गावातल्या एका दुकानदारानं 'क्षार खाऊन टाकणारी' कसली पावडर गळ्यात मारली. त्या पिशव्या अजून गोठ्यात आहेत, मामी त्यांत शेंगा ठेवते.

एक गोष्ट मात्र केली नव्हती. माती तपासली नव्हती. आम्ही सांगलीला नमुने दिले. आठवडाभरानं कागद हातात आला. सामू ८.२, क्षारता ९ च्या वर, आणि सोडियमचं प्रमाण फारसं नाही. कागद वाचून दाखवल्यावर मामा बराच वेळ गप्प होता. त्याच्या पोत्यांचा हिशेब त्या एका ओळीत होता.

झालं होतं असं. बिघडलेल्या जमिनी सगळ्या एका जातीच्या नसतात. विद्राव्य क्षार वाढलेत, क्षारता ४ डेसीसायमनच्या पुढे आहे, पण सामू साडेआठच्या आत आहे, ती खारवट जमीन. पांढरा पापुद्रा येतो तो हिच्यावर. दुसरी चोपण. तिच्यात चिकणमातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो, सामू साडेआठच्या वर जातो. माती ओली असताना साबणासारखी, वाळली की दगड. पाणी वरच डबकं करून राहतं. जिप्सम हे या चोपण जमिनीचं औषध. त्यातला कॅल्शियम सोडियमला हुसकावून त्याची जागा घेतो. (आपल्याकडं ज्या जमिनीत मुळातच चुनखडी भरपूर आहे तिथं गंधकही चालतं.) काही जमिनींत दोन्ही रोग एकत्र असतात. पण मामाची जमीन निव्वळ खारवट होती. तिला जिप्सम देणं म्हणजे मीठ जास्त झालेल्या आमटीत आणखी एक क्षार घालणं.

शिवाय चोपण जमिनीतसुद्धा जिप्समनं सुटलेला सोडियम पाण्याबरोबर बाहेर जायला वाट लागतेच. उत्तर भारतात हरियाणा, पंजाब, उत्तर प्रदेशात जिप्सम घालून आणि त्यावर भात घेऊन कितीतरी ऊसर जमिनी लागवडीखाली आल्या. कर्नालला १९६९ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेचं यात मोठं काम आहे. खाऱ्या जमिनीत तग धरणारे भात, गहू, अगदी बासमतीचा सीएसआर-३० वाण तिथलाच. पण तिकडची गाळाची जमीन पाणी खाली जाऊ देते, ट्यूबवेलनी पाण्याची पातळीही खोल गेलेली. आपल्या काळ्या चिकणीत तो हिशेब तसाच्या तसा लागू होत नाही. तिकडचा यशस्वी उपाय इकडं पोत्यात भरून विकला जातो, आणि गडबड होते.

पाणी जायचं कुठून?

म्हणजे उपाय एकच होता, आणि तो पोत्यात मिळत नाही. जमिनीतलं जास्तीचं पाणी बाहेर काढायचं. साडेतीन-चार फूट खोल चर काढून त्यात बारीक छिद्रांच्या, पन्हाळीदार पीव्हीसी नळ्या घालायच्या. माती आत जाऊ नये म्हणून त्यांना जाळीदार कापड गुंडाळलेलं असतं. अशा समांतर नळ्या एका मोठ्या नळीला जोडायच्या, आणि ती उतारानं ओढ्यात सोडायची. याला भूमिगत निचरा म्हणतात. सांगलीजवळ कसबे डिग्रजला राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, तिथं या विषयावर पुष्कळ काम झालेलं आहे. शेजारच्या शिरोळ तालुक्यात श्री दत्त साखर कारखान्यानं गणपतराव पाटील यांच्या पुढाकारानं गावोगावचे शेतकरी एकत्र करून अशा नळ्या घातल्या, आणि क्षारपड रानांत पुन्हा पीक उभं राहिलं.

मामाला खर्च सांगितला गेला एकरी लाखाच्या वर. तो आकडा ऐकून मामेभाऊ फोनवरच ओरडला. पण खरी अडचण पैशाची नव्हती. मामाच्या शेताचा उतार ओढ्याकडं जातो तो भावकीतल्या एका घराच्या शेतातून. आणि त्या घराशी मामाचं बोलणं बंद. कारण? बांध. कुणी किती वीत कोरला, याचा निकाल वीस वर्षं लागलेला नाही. नळी त्यांच्या शेतातून गेली नाही तर पाणी ओढ्याला पोचणार नाही.

मातीवरच्या पुस्तकांत हा मुद्दा सापडत नाही, पण माझ्या मते अर्ध्या बिघडलेल्या जमिनी याच ठिकाणी अडल्यात. खत आपल्या पैशानं आणता येतं, पाणी आपल्या मोटारीनं ओढता येतं. पाणी बाहेर काढायला मात्र शेजारी लागतो.

वाट काढली मामीनं. त्या घरची जाऊ आणि मामी एकाच बचत गटात आहेत. पुरुष एकमेकांना बघून रस्ता बदलत होते तेव्हा या दोघी दर महिन्याला एका सतरंजीवर बसून हप्ते मोजत होत्या. "त्यांचं रान काय निराळं हाय व्हय? तिचा बी निम्मा ऊस जळालेला," मामी म्हणाली. ती माहिती मामाला नव्हतीच. बोलणं आधी दोघींत झालं, मग ज्यांची रानं बिघडली होती अशा नऊ घरांत. मोठी नळी सामाईक, खर्च एकराप्रमाणे वाटून. मामानं सोसायटीचं कर्ज काढलं, काही रक्कम आईनं दिली. परत मागणार नाही असं तिनं सांगितलं, आणि मामानं ते ऐकून घेतलं नाही.

मे २०२३ मध्ये चर खणले. पहिल्या पावसात मामा छत्री घेऊन ओढ्यावर जाऊन उभा राहिला. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी नळीच्या तोंडातून मनगटाएवढी धार आली. गार, स्वच्छ दिसणारी आणि खारट. आणखी एक गंमत इथं सांगायला हवी. ज्या जमिनीचं पाण्यानं वाटोळं झालं, तिला धुवायलाही पाणीच लागतं. बांध घालून पावसाचं गोड पाणी शेतात थोपवायचं, ते मुरत मुरत क्षार विरघळवून नळीत नेतं. नळीविना हेच केलं असतं तर रोग वाढला असता.

ते खारं पाणी ओढ्यातून शेवटी नदीतच जातं. खालच्या गावांना त्याचा त्रास होणार नाही असं मला म्हणता येत नाही. ही काळजी योजना करणाऱ्यांनी करायला हवी.

वर्षभर मामानं तिथं विकायचं असं काही लावलं नाही. धैंचा पेरला आणि फुलायच्या आत गाडला. हे हिरवळीचं पीक खारं रान सोसतं आणि मातीत कुजून तिला भुसभुशीत करतं. पुढच्या हंगामात गहू. तो हरभऱ्याइतका नाजूक नाही. फार नाही आला, पण आला. क्षारता निम्म्यावर उतरली आहे. ऊस पुन्हा लावायचा तर ठिबकवर, असं त्यानं कबूल केलंय. त्याला ऊस सोडायला सांगणं माझ्या हातात नाही.

तुमच्या रानासाठी थोडं

जमीन खारी नसली तरी माती तपासून घ्या. १९ फेब्रुवारी २०१५ ला राजस्थानात सुरतगडला मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. तिच्यात बारा गोष्टी तपासतात. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन, शिवाय सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. पत्रिका अनेकांकडं असते, कपाटात. ती वाचायला सुरुवात करायची तर सामू आणि क्षारतेपासून करा, मग सेंद्रिय कर्ब बघा. कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल तर खताच्या पोत्यांचा पूर्ण मोबदला मिळत नाही.

नमुना नीट काढला नाही तर सगळंच व्यर्थ. एका रंगाच्या, एका उताराच्या जमिनीचा एक नमुना. नागमोडी चालत आठ-दहा जागा निवडायच्या, प्रत्येक ठिकाणी वीतभर खोल इंग्रजी 'व्ही'सारखा खड्डा घेऊन त्याच्या कडेची माती खरवडायची. सगळी एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. झाडाखाली, उकिरड्याजवळ, बांधालगत, किंवा नुकतंच खत टाकलेल्या जागी नमुना घ्यायचा नाही. जमीन खारावल्याची शंका असेल तर वरचा पापुद्रा वेगळा द्या, खालच्या दोन-तीन फुटांचे थरही वेगळे द्या, आणि विहिरीचं पाणीही तपासा.

आणि पाचट जाळू नका. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं आणि एका काडीत संपतं. तेच सरीत पसरून थोडं युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारं जिवाणू खत टाकलं की खोडव्याच्या उसाखाली ते मातीत मिसळतं. खाऱ्या रानाला तर त्याचा दुहेरी फायदा. जमीन झाकलेली राहिली की ऊन थेट पडत नाही, पाणी कमी उडतं, आणि खालचं मीठ वर यायचा वेग मंदावतो. मामाच्या वरच्या दोन एकरांत आता पाचट राहतं. पहिल्या वर्षी उंदीर होतील म्हणून तो कुरकुरला होता. झालेही थोडे.

येत्या मे महिन्यात पुन्हा नमुने काढायचेत, त्याच जागांवरून. मामानं प्रत्येक जागी बांबूची खुंटी रोवून ठेवलीय. शेजारच्या शेतातल्या खुंट्याही त्यानंच रोवल्यात. खुरपं लोखंडी नको, लोहाचा आकडा चुकतो, हे त्यानं मला फोनवर दोनदा बजावलं.